नेपियर भरपूर, पण गव्हाणीत काड्या उरतात अन् दूध उतरतंय? आधी कापणीची तारीख बघा

आमच्याकडे गोठा आहे अन् शेजारपाजारच्या गावांना नेपियरचं (एकदा लावला की पुन्हा पुन्हा कापता येणारा उंच चाऱ्याचा घास) बेणंही देतो, त्यामुळे लावणीनंतर वर्षभरात एक फोन हमखास येतो. शब्द थोडे इकडेतिकडे, पण तक्रार तीच. "भाऊ, चारा ते भरपूर शे, मंग दूध का बरं कमी व्हयनं?" काहीजण थेट म्हणतात तुमचं बेणंच खराब निघालं. बेणं खराब निघण्याची केस क्वचित असते. बहुतेक वेळा घास चांगला असतो, जनावर चांगलं असतं, फक्त घास कापायची वेळ गेलेली असते किंवा आलेली नसते.

लक्षणं आधी लिहितो, जुळत असतील तरच पुढे वाचा.

वेळ टळून गेलेल्या, म्हणजे जून घासाची लक्षणं: गव्हाणीत सकाळी बोटाएवढ्या जाड काड्या उरलेल्या, पान सगळं साफ. शेण घट्ट, थरावर थर, त्यात न पचलेले धागे दिसतात. दूध एकदम पडत नाही, आठ-पंधरा दिवसांत हळूहळू अर्धा लिटर, लिटर असं उतरतं, अन् ढेप (पेंड) वाढवली की तात्पुरतं सावरतं. कालवडी अंगाने वाळतात, पोट तेवढं मोठं दिसतं, माजावर यायला उशीर लावतात.

उलटी केस पण असते, फार कोवळा कापलेला घास. त्यात गव्हाण चाटूनपुसून साफ, तरी जनावर भुकेलं, हंबरतंय. शेण पातळ, शेपटी भरलेली. दूध टिकतं पण फॅट उतरतं. हे पावसाळ्यात जास्त.

दोन्ही लक्षणं एकाच गोठ्यात आलटून पालटून दिसत असतील तर तुमची केस पक्की आहे, खाली गुंठ्याचा हिशोब दिलाय तिथेच तुमचं उत्तर आहे, पण तरी क्रमाने या.

घासाला हात लावायच्या आधी दोन मिनिटं जनावराकडे बघा. एकाच जनावराचं दूध कमी झालं असेल तर चाऱ्याचा संबंध कमी, सड तपासा, पहिल्या धारा काळ्या फडक्यावर काढून गाठी दिसतात का बघा, गोचीड बघा. सगळ्यांचं मिळून उतरलं असेल तर चारा, पाणी किंवा ऊन यापैकी काहीतरी. एप्रिल-मे मध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४३-४४ च्या वर जातो तेव्हा घास कितीही चांगला असला तरी संकरित गाई खाणं कमी करतात, त्याला घास काय करणार. हौदातलं पाणी दुपारी हात घालून बघा, चहासारखं तापलेलं असेल तर आधी ते बदला.

आता चारा. फुकटातलं आधी.

सकाळी गव्हाण झाडायच्या आधी उरलेलं हातात घ्या. पान उरलंय का काडी? नुसती काडी उरत असेल तर घास जून. पान-काडी सगळंच मिसळून उरत असेल तर घास जून नाही, चव किंवा वास बिघडलाय, त्याला पुढचा मुद्दा बघा. ज्यांच्याकडे कुट्टी मशीन आहे त्यांना ही खूण नीट दिसत नाही कारण एक इंचाची कुट्टी केली की जनावराला निवडता येत नाही, तेही काडी गिळतं. लोकांना वाटतं मशीन आणलं अन् वाया जाणं थांबलं. थांबलं ते खरं, पण कुट्टीने काडीतलं पोषण वाढत नाही, जून काडी बारीक केली तरी जूनच राहते, फक्त गव्हाणीत दिसायची ती आता शेणात दिसते. म्हणून मशीनवाल्यांनी शेण बघायचं. ताजा पो हातात घेऊन पाण्याखाली गाळणीत धुवा (जुनी चहाची गाळणी चालते, बायकोला विचारून घ्या), लांब धागे अन् काडीचे तुकडे उरले तर पचन अर्धवट होतंय.

दुसरं फुकटातलं, कुट्टीच्या ढिगात कोपरापर्यंत हात घाला. काल संध्याकाळी करून ठेवलेली कुट्टी सकाळी आतून गरम लागते, आंबूस वास येतो. ढिगात घास तापला की साखर जळते अन् जनावर तोंड लावत नाही. लोडशेडिंगमुळे रात्री लाइट आली की दोन दिवसांची कुट्टी एकदम करून ठेवतात, हे मी खूप गोठ्यांत बघतो. कुट्टी न केलेला अखंड घास सावलीत उभा करून ठेवा अन् कुट्टी त्या-त्या वेळची करा, निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. सकाळी कापावा की दुपारी यावर लोक वाद घालतात, दुपारनंतर पानात साखर थोडी जास्त असते हे बरोबर आहे, पण ज्याचा घास ७५ दिवसांचा झालाय त्याने सकाळ-दुपारचं डोकं लावण्यात अर्थ नाही.

तिसरं, वावरात जा अन् काडी तपासा. आज कापणार त्या ठोंबातली एक काडी जमिनीपासून तोडा, खालून तिसरं पेर धरा अन् अंगठ्याचं नख दाबा. नख आत गेलं, ओल आली, पेर वाकवल्यावर मोडायच्या आधी वाकलं, तर घास वेळेत आहे. नख घसरतं, वाकवल्यावर कडकन मोडतं, आत कापसासारखा पांढरा कोरडा गाभा दिसतो, तर वेळ गेली. ठोंबाच्या बुडाशी बघा, खालची पानं पिवळी होऊन वाळत असतील तर तेवढं चांगलं पान तुम्ही जमिनीला दिलं. तुरा दिसला तर मग विचारायलाच नको.

हे असं का होतं ते थोडक्यात. घास वाढतो तसं त्याला उभं राहायला काडी मजबूत लागते, म्हणून काडीत लिग्निन (काडीला लाकडासारखं कडक करणारा पदार्थ) साठतं, अन् लिग्निन गाई-म्हशीच्या पोटातल्या जंतूंना फोडता येत नाही. त्याच वेळी पानाचा हिस्सा कमी होतो, अन् प्रथिनं मुख्यतः पानात असतात. संकरित नेपियर साधारण महिना-सव्वा महिन्याचा असताना कोरड्या वजनावर १० ते १२ टक्के प्रथिनं देतो, ४५ दिवसांच्या आसपास ८ ते १० वर येतो, अन् अडीच महिन्यांनी ५-६ पर्यंत खाली जातो. जमीन, खत, वाण याप्रमाणे आकडे मागेपुढे होतात पण उतार सगळीकडे असाच. चाऱ्यात प्रथिनं ७ टक्क्यांच्या खाली गेली की पोटातल्या जंतूंनाच नत्र पुरत नाही, ते मंदावतात, चारा पोटात जास्त वेळ पडून राहतो, पोट भरलेलं वाटतं अन् जनावर खाणं कमी करतं. म्हणजे दुहेरी मार, घासात कमी अन् खाणं पण कमी. मग तुम्ही ढेप वाढवता, दूध सावरतं, अन् वाटतं घासाचा प्रश्न नव्हताच.

कोवळ्याचं गणित उलटं आहे. ३० दिवसांच्या घासात ८५ टक्क्यांच्या वर पाणी असतं. ४०० किलोच्या दुधाळ गाईला दिवसाला १२ किलोच्या आसपास कोरडा चारा-खुराक लागतो. २५ किलो कोवळा घास टाकला तर त्यात कोरडं जेमतेम ३ किलो. पाटी तेवढीच दिसते, पोटात पाणी जातं. तंतू कमी म्हणून रवंथ कमी, लाळ कमी, फॅट उतरतं. शिवाय नेपियरमध्ये ऑक्झॅलेट असतं, कोवळ्यात जास्त, ते कॅल्शियमला धरून ठेवतं. राहुरी विद्यापीठाचा फुले जयवंत हा ऑक्झॅलेट कमी असलेला वाण म्हणून घेतात ते यासाठीच. वाण कुठलाही असो, दुधाळ जनावराला रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण चालू ठेवा, हा खर्च कापू नका. अन् पावसाळ्यात घास कोवळाच निघत असेल तर त्यात दादरचा (रब्बी ज्वारीचा) कडबा नाहीतर हरभऱ्याचं कुटार दोन-तीन किलो मिसळा. आपल्याकडे दादरचा कडबा असताना लोक तो विकून टाकतात अन् नुसत्या हिरव्यावर जनावर ठेवतात, मला कळत नाही का.

चौथं, तारीख. मागची कापणी कधी झाली विचारलं की उत्तर येतं "झाला असेल महिना, दीड महिना". भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, कोणत्या सरीपासून कोणत्या सरीपर्यंत आज कापलं. नेपियरची पहिली कापणी लावणीनंतर ६० ते ७५ दिवसांनी, कारण आधी मुळं धरू द्यायची असतात, पुढच्या कापण्या ४० ते ४५ दिवसांनी. गिनी घास असेल तर ३० ते ३५.

पण तारखेलाही खान्देशात एक अडचण आहे. पुस्तकातले ४५ दिवस जुलै-ऑगस्टचे आहेत. डिसेंबर-जानेवारीत धुळे-जळगावकडे रात्री पारा ८-१० वर येतो तेव्हा नेपियर जवळजवळ थांबतो, ४५ दिवसांनीही कमरेपर्यंत येत नाही. तेव्हा ५५-६० दिवस थांबलात तरी चालतं, काडी नख घेते का बघा. फेब्रुवारी संपला की उलटं, ऊन चढतं तशी काडी लवकर कडक होते, अन् पाणी कमी असल्याने उंची वाढलेली दिसत नाही. माणूस उंची बघून थांबतो, "अजून वाढू द्या". उन्हाळ्यात उंचीवर जाऊ नका, छातीपर्यंत नाही आला तरी बुडाची पानं वाळायला लागली की कापा.

पाचवं, आता काटा लागेल. लटकवायचा साधा काटा चालतो, शेजाऱ्याकडे असतोच. पाच किलो अखंड घास घ्या, पान ओरबाडून वेगळं करा, काडी वेगळी, दोन्ही तोला. पान निम्म्याच्या आसपास असेल तर ठीक. पान एक तृतीयांशावर आलं असेल तर उशीर झालाय, याला लॅबची गरज नाही. हे एकदा वावराच्या दोन्ही टोकांना करा. एका टोकाला निम्मं पान अन् दुसऱ्या टोकाला तिसरा हिस्सा, असं निघालं की दुखणं सापडलं.

कारण बहुतेक ठिकाणी दुखणं हेच असतं, प्लॉट जनावरांच्या मानाने मोठा. ऐकायला विचित्र वाटतं, चारा जास्त म्हणून दूध कमी. हिशोब करून बघा. एक गुंठा मोजून कापा अन् सगळा घास तोला. समजा २५० किलो निघाला. घरी चार जनावरं, प्रत्येकी २५ किलो, रोजचे १०० किलो. म्हणजे एक गुंठा अडीच दिवस पुरतो. ४५ दिवसांत तुम्ही १८ गुंठे कापू शकता, त्याच्या पुढे नाही. लावलेत किती? ३० गुंठे, कारण बेणं उरलं होतं अन् ड्रिपची नळी तिथपर्यंत जात होती. ३० गुंठे फिरून यायला ७५ दिवस लागतात. म्हणजे एकदा चक्र बसलं की तुम्ही रोज, बारा महिने, ७५ दिवसांचाच घास कापताय! अन् मग कधीतरी कंटाळून मधूनच पुढचा कोवळा पट्टा कापायला घेता, आठवडाभर जनावर ढाळतं, परत जुन्या टोकाला. आलटून पालटून लक्षणं दिसतात ती अशी.

माणूस कापायला थांबतो त्याचं दुसरं कारण टनेज. ७५ दिवसांनी गुंठ्याला वजन जास्त भरतं, ट्रॉली भरलेली दिसते, बरं वाटतं. वजन भरतं ते काडीचं. जनावराला पचणारा हिस्सा त्या मानाने वाढत नाही, अन् वर्षाच्या कापण्या सात-आठ व्हायच्या त्या पाचावर येतात.

उपाय असा करतो आम्ही. जनावरांना ४५ दिवसांत लागतो तेवढा भाग (वरच्या उदाहरणात १८ गुंठे, पावसाळ्यात त्याहूनही कमी कारण गुंठ्याला जास्त निघतो) नऊ पट्ट्यांत पाडा, खुंट्या ठोका, एक पट्टा पाच दिवस. उरलेला भाग रोजच्या चक्रातून बाहेर काढा. तो एकदाच सगळा कापून मुरघास करा. नेपियरमध्ये मक्याइतकी साखर नसते अन् पाणी जास्त असतं, म्हणून कापून अर्धा दिवस सुकवा, मूठ दाबल्यावर पाणी गळायला नको, कुट्टी करून टनाला १५-२० किलो गूळ पाण्यात कालवून शिंपडा अन् बॅगेत तुडवून तुडवून भरा, हवा राहिली की बुरशी आलीच. ४५ दिवसांनी उघडा. हा मुरघास मे महिन्यात कामाला येतो, तेव्हा ज्याच्याकडे मुरघास नाही तो गावोगाव चारा शोधत फिरतो. मुरघास करायचा नसेल तर जास्तीचा घास वेळेत विका, तेही नको असेल तर सरळ त्या भागात लसूणघास नाहीतर दशरथ घास लावा. दोन भाग नेपियर अन् एक भाग असा द्विदल घास दिला तर प्रथिनांची कमी तिथेच भरून निघते, ढेप कमी करता येते. सुबाभूळ पण चांगला, पण एकूण हिरव्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर नको, त्यात मिमोसिन असतं, केस झडतात.

आज उभा असलेला जून घास फेकून द्यायची गरज नाही. भाकड जनावरांना, बैलांना घाला, दुधाळांना त्याचं फक्त शेंड्याकडचं अर्धं. अन् बदल एका दिवसात करू नका, आठ-दहा दिवसांत जुनं कमी नवं जास्त असं करा, पोटातल्या जंतूंना पण वेळ लागतो.

कापायची वेळ बरोबर असून घास पिवळा अन् बारीक असेल तर खत-पाण्याकडे बघा. प्रत्येक कापणीनंतर एकरी २०-२५ किलो युरिया अन् लगेच पाणी, जमिनीपासून चार-सहा इंच ठेवून कापणी, फार जुने ठोंब झाले असतील तर मोडून नवीन लावणी. यात जास्त काही नाही. फक्त युरिया वाढवून प्रथिनं वाढवायच्या नादाला लागू नका. ढगाळ हवा किंवा पाण्याचा ताण असताना जास्तीचा नत्र घासात नायट्रेट म्हणून साठतो अन् ते जनावराच्या जिवावर उठतं. युरिया टाकल्यावर तीन आठवडे तरी त्या पट्ट्याला विळा लावायचा नाही.

ज्यांचा नेपियर नाही, डोंगराचा चारा आहे, साक्री-नवापूरकडच्या अन् यावलच्या सातपुड्याकडच्या लोकांनी पण हेच लक्षात घ्या. दिवाळी उरकून गवत कापायला निघतात तोवर मारवेल गवताचं बी झडून गेलेलं असतं, राहतं ते तणस. कुसळी तर त्याहून वाईट, कुसळं जनावराच्या हिरड्यांत, जिभेत रुततात. फुलोऱ्यात असताना, सप्टेंबर शेवट-ऑक्टोबरात पावसाची उघडीप बघून कापा अन् वाळवा. पाऊस लागला तर काळं पडतं हे मान्य, म्हणून थोडं थोडं कापायचं.

ज्वारीच्या बाबतीत मात्र माझं सगळं वरचं "लवकर कापा" विसरा. कोवळी ज्वारी, दुष्काळात वाळत आलेली ज्वारी, अन् कापणीनंतर फुटलेला खोडवा यात विष असतं, आपल्याकडे किराळ लागणं म्हणतात ते हेच, हायड्रोसायनिक आम्ल. ज्वारी निम्मी फुलोऱ्यात आल्यावरच कापायची, अन् फुटव्यावर जनावर मोकळं सोडायचं नाही.

वरचं सगळं केलं, महिना झाला, दूध तिथेच, तर मग पैसे खर्च करा. घासाचा नमुना लॅबला पाठवा. कुठे पाठवायचा ते कृषी विज्ञान केंद्रात विचारा, पाल, ममुराबाद, धुळे, नंदुरबार जे जवळ असेल ते. नमुना घेताना वावरात आठ-दहा ठिकाणची अखंड झाडं घ्या, कुट्टी करून मिसळा, त्यातला किलोभर पिशवीत हवा काढून बांधा, वर कापणीचे दिवस लिहा. कोरडा पदार्थ, प्रथिनं अन् तंतू एवढं मागा. रिपोर्ट आला की त्यावरून आहार पशुवैद्यकाकडून नाहीतर केंद्रातल्या पशुविज्ञानाच्या तज्ज्ञाकडून बसवून घ्या. ढेपवाल्या दुकानदाराकडून नको, तो ढेपच सांगणार.

अन् काही ठिकाणी तपासणी वगैरे काही नाही, हात थांबवायचा अन् लगेच डॉक्टर. ज्वारी किंवा नवा चारा खाल्ल्यावर अर्ध्या-एक तासात जनावर लडखडतंय, तोंडाला फेस, श्वास जोरात, खाली पडलं, तर गूळपाणी-तेल पाजत बसू नका, चारा समोरून काढा अन् फोन लावा, याचं औषध शिरेतून द्यावं लागतं अन् वेळ फार कमी असतो. डोळ्याच्या अन् हिरडीच्या कातड्याचा रंग तपकिरी-निळसर दिसला, रक्त चॉकलेटी दिसलं तर नायट्रेटचा संशय, तेही तसंच. डाव्या बाजूची पोटफुगी अन् जनावर उठबस करतंय. व्यायल्यानंतर दोन-तीन दिवसांत मान एका बाजूला टाकून बसलेली, कान गार पडलेली गाय, हा कॅल्शियमचा विषय आहे पण सलाईन स्वतः लावू नका, शिरेतून कॅल्शियम जोरात गेलं तर हृदय बंद पडतं. ताप असून चारा सोडलेला. सलग दोन दिवस रवंथ नाही.

सरकारी फिरत्या दवाखान्याचा नंबर १९६२, फोन फुकट लागतो. फोनवर गावाचं नाव अन् जनावर झालं की तिसरं वाक्य हेच सांगा: शेवटचा चारा कोणता, कापून किती तास झाले, त्या वावरात युरिया कधी टाकला. अन् डॉक्टर येईपर्यंत गव्हाणीतला तोच चारा पाटीभर बाजूला काढून ठेवा, झाडून टाकू नका.